बागेत फुलं भरपूर, मग माश्या का येत नाहीत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वसाहतीच्या बागेला सात वर्षं झाली, बाराही महिने काही ना काही फुललेलं असतं, माळी नियमित येतो, तरी फुलांवर मधमाश्या किंवा फुलपाखरं फारशी दिसत नाहीत. शहर वाढलं की परागीभवन करणारे कीटक संपणारच, की बागेतच काही चुकतंय? मधमाश्यांच्या दोन पेट्या आणून ठेवल्या तर फरक पडेल का? आणि जाता जाता तुम्ही लिहिलंय की पूर्वेकडच्या कुंपणालगत मोकळ्या मातीची एक पट्टी उरली आहे, ती उजाड दिसते म्हणून पुढच्या महिन्यात तिथे पेव्हर ब्लॉक बसवायचं ठरलं आहे.

या शेवटच्या वाक्यापाशी मी थबकलो. गेली एकवीस वर्षं मी शहरांतल्या बागा, शाळांची मैदानं, दफनभूमी, रेल्वेरुळांच्या कडा अशा ठिकाणी फुलांवर येणारे कीटक मोजतो आणि बागा सांभाळणाऱ्यांना सल्ला देतो. या अनुभवावरून सांगतो, तुमच्या बागेतली सगळ्यांत मोलाची जागा बहुधा तीच पट्टी आहे. ती का मोलाची हे पटवायचं तर शहर या कीटकांचं नेमकं काय करतं इथून सुरुवात करावी लागेल.

आधी शब्दांचा एक घोळ मिटवतो. मराठीत माशी म्हटलं की घरमाशीही आली आणि मधमाशीही. चार पंखांच्या, फुलातले परागकण गोळा करून पिल्लांना भरवणाऱ्या मधमाशीच्या सगळ्या गोतावळ्याला मी इथे ‘मधमाशीवर्ग’ म्हणतो. या वर्गातल्या ज्या जाती कोणी पेटीत पाळत नाही त्या रानमाश्या. घरमाशीच्या कुळातल्या त्या द्विपंखी माश्या. याही फुलांवर येतात, परागीभवन करतात, आणि त्यांच्याकडे जवळजवळ कुणाचंच लक्ष नसतं.

शहर या सगळ्यांना सरसकट मारत नाही. ते चाळणी लावतं. ल्योन या फ्रेंच शहराच्या परिसरात २४ ठिकाणी झालेल्या पाहणीत रानमाश्यांच्या तब्बल २९१ जाती मिळाल्या. २०१४ साली ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. काँक्रीट वाढत गेलं तशी माश्यांची संख्या घटत गेली, पण जातींची विविधता सर्वाधिक आढळली ती जिथे साधारण निम्मी जमीन बांधकामाखाली गेली आहे अशा मधल्या पट्ट्यात. ब्रिटनमध्ये १२ मोठी शहरं, त्यांच्या शेजारची शेती आणि जवळची राखीव नैसर्गिक क्षेत्रं अशी तुलना झाली. मधमाशीवर्गातल्या जाती शेतीपेक्षा शहरात जास्त निघाल्या. शिकागोत तर दाट लोकवस्तीच्या भागांत माश्या आणि त्यांच्या जाती अधिक सापडल्या, कारण माणसं जास्त तिथे दारापुढच्या कुंड्या आणि वाफेही जास्त, आणि प्रत्येकाची आवड वेगळी म्हणून फुलांचे प्रकारही जास्त. मैलोन् मैल एकच पीक आणि वर फवारणी असलेल्या शेतापेक्षा अशी वस्ती माशीला बरी वाटते, यात नवल नाही.

पण चाळणीत वर काय अडकलं तेही बघायला हवं. जर्मनीतल्या नऊ शहरांत आणि त्यांच्या आसपासच्या ग्रामीण भागात झालेला अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. शहरात मधमाशीवर्गाच्या जाती जास्त होत्या, फुलांना भेटीही जास्त मिळत होत्या. द्विपंखी माश्या, फुलपाखरं आणि पतंग यांच्या जाती मात्र शहरात ठळकपणे कमी होत्या. आधीच्या ब्रिटिश पाहणीतही फुलांवर हवेत स्थिर तरंगणाऱ्या द्विपंखी माश्या, ज्यांना हॉवरफ्लाय म्हणतात, त्या शहरात कमीच भरल्या होत्या.

फुलं तीच, हवा तीच, मग एक गट तरतो आणि दुसरा का बुडतो? याचं उत्तर त्यांच्या बालपणात आहे. मधमाशीवर्गातली आई पिल्लासाठी परागकण आणि मकरंद स्वतः वाहून आणते. तिचं आणि पिल्लाचं पोट एकाच फुलावर भरतं. तिला वरून लागतं ते फक्त घर करायला एक भोक. फुलपाखराचं तसं नाही. मादी फुलातला मकरंद पिते, पण अंडी ठरावीक झाडावरच घालते. सुरवंट ते एकच झाड किंवा त्या कुळातली झाडं खातो. ही खाद्यवनस्पती बागेत नसेल तर शंभर प्रकारची फुलं लावली तरी फुलपाखरू पाहुणा म्हणून येईल, पाणी पिऊन गेल्यासारखं निघून जाईल. हॉवरफ्लायच्या काही जातींच्या अळ्या मावा खाऊन वाढतात, काहींच्या कुजणाऱ्या पाल्यात किंवा गढूळ डबक्यात. आपण मावा दिसला की फवारतो, पाला दिसला की झाडतो, डबकं दिसलं की बुजवतो. म्हणजे टेबल मांडून ठेवायचं आणि पाळणाघर रोज मोडायचं, असा हा प्रकार आहे.

तुमच्या पत्रातलं ‘माळी नियमित येतो’ हे वाक्य मला म्हणून खटकलं. तो येऊन काय करतो, यावर बरंच अवलंबून आहे.

आता मातीकडे येतो. जगात मधमाशीवर्गाच्या २०,००० पेक्षा जास्त जाती आहेत. पोळं, राणी, हजारो कामकरी हे चित्र त्यातल्या मोजक्या जातींना लागू पडतं. बहुतेक जातींची मादी एकटी राहते, एकटीच घर बांधते, एकटीच पिल्लांची सोय करते आणि काही आठवड्यांत मरून जाते. अशा जातींपैकी काही वाळलेल्या लाकडात, पोकळ काडीत किंवा भिंतीच्या फटीत घर करतात, पण साधारण ७० टक्के जाती जमिनीत बीळ करतात. त्यांना भुसभुशीत वाफा नको असतो, दाट गवत तर नकोच. ऊन लागणारी, पाणी न साठणारी, थोडी उतरती, उघडी माती हवी असते. आपल्याला जी उजाड दिसते, नेमकी तीच.

एकदा अशी माती हातभर अंतरावरून बघा. मी एका शाळेच्या मैदानाच्या कडेला तासन् तास पोटावर झोपून बघितली आहे. सकाळचं ऊन मातीवर आलं की एखाद्या ठिकाणी चाळून ठेवल्यासारखी बारीक मातीची ढिगुली दिसते, मधोमध पेन्सिल जाईल एवढं भोक. थोड्या वेळाने भोकातून एक डोकं वर येतं, थांबतं, मागे जातं, परत येतं. मग माशी बाहेर पडते, पण लगेच निघून जात नाही. भोकाकडे तोंड करून डावी-उजवीकडे झोके घेत, हळूहळू मोठी होत जाणारी कमान काढत ती जागा डोळ्यांत साठवते: हा खडा, ही काडी, हा भिंतीचा कोपरा. मी एकदा तिथलं एक वाळकं पान उचलून हातभर बाजूला ठेवलं होतं. परत आलेली माशी भोकाजवळ न उतरता त्या पानाभोवती घिरट्या घालत राहिली. पान मूळ जागी ठेवल्यावर दोन-तीन फेऱ्यांत ती आत शिरली. मागच्या पायांवर पिवळ्याजर्द परागकणांची झूल होती. तिची धांदल पाहून मला फार अपराधी वाटलं, आणि त्यानंतर मी मोजणीच्या जागी पानसुद्धा हलवत नाही.

आत ती काय करते? बोगद्याच्या कडेला छोटी कोठी कोरते, अनेक जाती तिला आतून पाणी न शिरणारा लेप देतात. परागकण आणि मकरंद मळून त्याचा गोळा करते, त्यावर एक अंडं घालते, कोठी बंद करते आणि पुढची कोरायला घेते. आयुष्यभरात अशा जेमतेम वीस-तीस कोठ्या होतात, पुष्कळदा त्याहून कमी. मादी मरते. अळी आत गोळा खाते, वाढते, आणि अनेक जातींत पुढच्या वर्षी त्याच ऋतूत माशी होऊन वर येते. म्हणजे ज्या माशीला आपण महिनाभर फुलांवर बघतो, ती वर्षातले दहा-अकरा महिने आपल्या पायाखाली असते.

त्यामुळे बागेत ब्लॉक बसवतात तेव्हा नुकसान दिसत नाही. त्या दिवशी एकही माशी मरताना कोणी बघत नाही. मी लागोपाठ तीन वर्षं एका सार्वजनिक बागेच्या फाटकाशेजारी साठच्या आसपास बिळं मोजली होती. चौथ्या वर्षी सुशोभीकरण झालं, पट्टी ब्लॉकखाली गेली. बागेत फुलझाडं उलट वाढली होती. त्या ऋतूत मी तिथे पंधरा सकाळी बसलो आणि त्या जातीची एकही माशी मला दिसली नाही. बागेच्या दप्तरी मात्र तो भाग ‘सुधारित’ म्हणून नोंदला गेला. ज्यांनी काम केलं त्यांनी वाईट हेतूने केलं नाही. त्यांना खाली कोणी राहतं हे कुणी सांगितलंच नव्हतं. याचंच मला जास्त वाईट वाटतं, आणि म्हणूनच इतकं लांबण लावून लिहितो आहे.

ब्लॉकच लागतात असंही नाही. तण उगवू नये म्हणून अंथरलेलं काळं कापड, झाडांच्या बुंध्याभोवती टाकलेला भुशाचा जाड थर, रोजचं तुषार सिंचन, गाड्यांच्या चाकांनी दबून दगड झालेली माती, काठोकाठ लावलेलं लॉन, या प्रत्येकाने बीळ बंद होतं. आच्छादन मातीसाठी चांगलंच असतं, ते टाकू नका असं मी म्हणत नाही. सगळीकडे टाकू नका एवढंच म्हणतो.

घर आणि जेवण यांतलं अंतर ही दुसरी गोष्ट. मोठी मधमाशी काही किलोमीटर जाऊन येते. एकट्या राहणाऱ्या बहुतेक माश्यांचा पल्ला फार थोडा असतो. २००२ साली जर्मनीतून प्रसिद्ध झालेल्या एका बहुचर्चित अभ्यासात तो १५० ते ६०० मीटर भरला. त्यातही लांब जावं लागलं की फेऱ्या कमी होतात, फेऱ्या कमी की पिल्लं कमी. बॉस्टनजवळ संशोधकांनी बंबलबी या जाडजूड, केसाळ रानमाश्यांना खुणा करून सोडलं तेव्हा त्यांना ओलांडणं सहज शक्य असूनही त्या रस्ता किंवा रेल्वेरूळ क्वचितच ओलांडत होत्या. नकाशावर तुमची बाग आणि पलीकडचं मोठं उद्यान शेजारी दिसेल, पण मधला सहा पदरी रस्ता लहान माशीला नदीसारखा असतो. तेव्हा बागेचा विचार तिच्या कुंपणापुरता करू नका. बागेच्या मध्यावरून ३०० मीटरचं वर्तुळ काढा आणि त्यात उघडी माती कुठे आहे, फुलं कुठे आहेत, मध्ये काय आडवं येतं ते बघा. या वर्तुळात घर आणि फूल दोन्ही नसेल तर ती जात तिथे नसते, मग बाग कितीही सुंदर असो.

फुलांबद्दल. बाराही महिने फुललेलं असतं हे ऐकायला छान आहे, पण मला नावं हवी आहेत. भरगच्च पाकळ्यांची जी फुलं नर्सरीत ‘डबल’ म्हणून मिळतात, त्यांत बहुधा पुंकेसरांचीच पाकळ्यांत रूपांतरं झालेली असतात. म्हणजे परागकण कमी किंवा नाहीतच, आणि मकरंद असला तरी पाकळ्यांच्या गर्दीत जीभ पोचत नाही. आपल्या डोळ्यांना ते दुप्पट फूल वाटतं आणि माशीला ते बंद दुकान असतं. बागेतल्या निम्म्याहून जास्त झाडांचं असं असेल तर तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच मिळालं. साधी, एका ओळीच्या पाकळ्यांची, मध्ये पिवळा पराग डोळ्यांना दिसतो अशी फुलं निवडा. आकार वेगवेगळे ठेवा: उथळ ताटलीसारखी लहान माश्यांना आणि द्विपंखींना, लांब नळीची लांब जिभेच्या माश्यांना आणि फुलपाखरांना, संध्याकाळी उमलणारी पांढरी सुवासिक पतंगांना. टोमॅटो आणि वांग्याच्या फुलात परागकण पुंकेसराच्या टोकाच्या बारीक छिद्रातून मिठाच्या डबीसारखे पडतात. ते झाडायला फुलाला घट्ट धरून अंग थरथरवावं लागतं. भुंगे, बंबलबी आणि आणखी काही रानमाश्यांना ते जमतं, पोळ्यातल्या मधमाशीला जमत नाही. भाजीच्या वाफ्याजवळ उभं राहिलात तर एका फुलातून एकदम चढ्या सुरात ‘झ्झ्झ’ ऐकू येईल. तो आवाज तुमच्या बागेत ऐकू आला तर मला जरूर कळवा.

भाजीचा वाफा मी मुद्दाम काढला. ब्रिस्टल, रेडिंग, लीड्स आणि एडिंबरा या चार शहरांत नऊ प्रकारच्या जागांची तुलना झाली, २०१९ साली तिचे निष्कर्ष आले. घरगुती बागा आणि नागरिकांना भाजीपाल्यासाठी दिलेले जमिनीचे तुकडे, या दोन ठिकाणी कीटक सर्वाधिक होते. उद्यानांची जागा मोठी, पण त्यातलं बरंचसं कापलेलं गवत असल्याने क्षेत्रफळाच्या मानाने कीटक कमी. रांगेत न बसणारी, थोडी विस्कटलेली, अनेक हातांनी लावलेली जागा कीटकांना मानवते. लॉन पूर्ण काढा असा माझा आग्रह नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड शहरात घरांपुढच्या लॉनवर प्रयोग झाला: काही दर आठवड्याला कापली, काही दोन आठवड्यांनी, काही तीन. तीन आठवड्यांनी कापलेल्या लॉनमध्ये फुलं सर्वांत जास्त होती, पण माश्या सर्वाधिक मिळाल्या त्या दोन आठवड्यांच्या लॉनवर. माळ्याला तेवढंच सांगा, एक आड एक आठवडा. गवतात आपोआप उगवणारी बुटकी रानफुलं, ज्यांना आपण तण म्हणून उपटतो, ती लहान माश्यांचा मोठा आधार असतात.

रोपं कुठून आणली हेही विचारा. ब्रिटनमध्ये ‘परागवाहकांना उपयुक्त’ म्हणून विकली जाणारी शोभेची रोपं तपासली तेव्हा ७० टक्क्यांहून जास्त रोपांत निओनिकोटिनॉइड गटातली कीटकनाशकं सापडली. ही औषधं मुळांतून झाडभर पसरतात, परागकणांत आणि मकरंदातही उतरतात. २०१३ साली अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात एका वाहनतळावरच्या फुललेल्या लिंडन झाडांवर मावा मारण्यासाठी अशाच गटातलं औषध फवारलं गेलं आणि सुमारे ५०,००० बंबलबी माश्या झाडाखाली मरून पडल्या. फुललेल्या झाडावर फवारणी नाही, हा एक नियम तरी बागेच्या फलकावर लिहून लावा.

आता पेट्या. तुमची इच्छा चांगली आहे, पण माझं उत्तर स्पष्टपणे नाही असं आहे. पाळीव मधमाशी संपत चाललेली नाही. अडचणीत आहेत त्या रानमाश्या. आणि पेटीतलं हजारो माश्यांचं एक कुटुंब प्रचंड खातं. अमेरिकेतल्या एका हिशोबाप्रमाणे एक जोमदार पेटी उन्हाळ्याच्या तीन महिन्यांत जेवढे परागकण गोळा करते, तेवढ्यात एकट्या राहणाऱ्या सरासरी आकाराच्या माशीची १,००,००० पिल्लं वाढली असती. रानात, मैलोन् मैल फुललेल्या मुलखात हे खपून जातं. शहरातल्या तुकड्या-तुकड्यांच्या हिरवाईत खपत नाही. स्वित्झर्लंडमधल्या १४ शहरांत २०१२ साली ३,१३९ पेट्या होत्या, २०१८ साली ९,३७० झाल्या, आणि तिथल्या हिरव्या जागेला एवढा भार झेपण्याजोगा नाही असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. पॅरिसमध्ये ज्या भागात पेट्यांची दाटी जास्त तिथे फुलांवर रानकीटकांच्या भेटी कमी आढळल्या. माँट्रियलमध्ये २०१३ ते २०२० या काळात पेट्या अडीचशेच्या आतून जवळजवळ ३,००० वर गेल्या. जिथे ही वाढ सर्वाधिक, तिथे रानमाश्यांच्या जाती घटल्या, आणि झळ बसली ती विशेषतः लहान आकाराच्या माश्यांना. पेट्या आणल्यात तर तुमच्या फुलांवर महिनाभरात माश्याच माश्या दिसतील, सगळ्यांना आनंद होईल, आणि जी दोन-चार रानमाशी अजून तगून असेल ती कधी गेली ते कळणारही नाही. एखाद्या झाडावर किंवा सज्जाखाली मधमाश्यांनी आपणहून पोळं केलं तर ती वेगळी गोष्ट. त्याला शक्यतो हात लावू देऊ नका.

‘बी हॉटेल’ म्हणून लाकडी चौकटीत नळ्या बसवलेली घरं विकत मिळतात, त्याबद्दलही लोक विचारतात. टोरांटोत तीन वर्षं सुमारे ६०० अशी घरं बघितली गेली. जवळपास तीन-चतुर्थांश घरांत एकट्या राहणाऱ्या स्थानिक गांधीलवर्गीय माश्यांनी बस्तान मांडलं होतं, आणि स्थानिक रानमाश्यांना परदेशातून आलेल्या माश्यांपेक्षा परजीवींचा त्रास जास्त होता. एकाच जागी खूप घरं ठेवली की परजीवी आणि रोगांनाही पत्ता सापडतो. लावायचंच असेल तर छोटं लावा, दोन-तीन ठिकाणी विखरून लावा, नळ्या दर वर्षी बदला. त्यापेक्षा मला वाळलेली फांदी तशीच ठेवणं आणि पोकळ काड्यांची झुडपं वीतभर खुंट ठेवून छाटणं जास्त आवडतं.

याच टोरांटोतली एक गोष्ट मनातून जात नाही. पानकापी माशी पानाचे गोल तुकडे कापून पिल्लाची कोठी विणते. २०१३ साली तिथल्या संशोधकांनी अशा कोठ्या उघडल्या तेव्हा काहींमध्ये पानांच्या तुकड्यांबरोबर प्लास्टिकच्या पिशवीचे तुकडे नीट बसवलेले होते, आणि दुसऱ्या एका जातीने झाडाच्या राळेच्या जागी इमारतींच्या फटी बुजवायचा चिकट मसाला वापरला होता. पिल्लं त्यातूनही वाढून बाहेर आली. लोक हे ऐकून माशीच्या हुशारीचं कौतुक करतात. मला मात्र ती आई दिसते, जी आजूबाजूला जे मिळालं त्यातून घर उभं करते आहे.

उष्णता, हवा आणि उजेड यांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यांतलं बरंच तुमच्या एका बागेच्या हातात नाही. सिमेंट आणि डांबर तापून शहर आजूबाजूच्या भागापेक्षा गरम राहतं. नॉर्थ कॅरोलिनातल्या रॅली शहरात हे तापमान दर १ अंश सेल्सिअसने वाढलं तशी रानमाश्यांची संख्या ४१ टक्क्यांनी घटलेली आढळली, आणि फुलं जास्त असूनही ही घट भरून निघाली नाही. मोठी झाडं राखणं हाच त्यावर जवळचा उपाय. हवेचं म्हणाल तर फुलाचा वास म्हणजे माशीचा रस्ता, आणि गाड्यांचा धूर व ओझोन तो वास वाटेतच मोडून टाकतात. ब्रिटनमध्ये उघड्या शेतात डिझेलचा धूर आणि ओझोन मोजून-मापून सोडला, तोही नेहमी सुरक्षित मानल्या जाणाऱ्या मर्यादेत, तेव्हा कीटक ७० टक्क्यांपर्यंत आणि फुलांना भेटी ९० टक्क्यांपर्यंत कमी झाल्या. बंगळुरूत आग्या मधमाश्यांवर काम झालं. मध्यम आणि जास्त प्रदूषित भागांतून पकडलेल्या माश्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक २४ तासांत मेल्या.

उजेड मात्र तुमच्या हातात आहे. स्वित्झर्लंडमध्ये अंधाऱ्या गवताळ जागांवर रस्त्याचे दिवे लावून बघितले. रात्री फुलांवर येणाऱ्या कीटकांच्या भेटी ६२ टक्क्यांनी कमी झाल्या, आणि ज्या झाडावर लक्ष ठेवलं होतं त्याची फळधारणा १३ टक्क्यांनी घटली. दिवसा येणारे कीटक भरपूर असूनही ही तूट भरून निघाली नाही. झाडांवर खालून सोडलेले शोभेचे दिवे असतील तर काढून टाका. पायवाटेला लागणारा उजेड खाली, वाटेवरच पडेल असा, पिवळसर आणि ठरावीक वेळेपुरता ठेवा.

काही करण्याआधी आठवडाभर फक्त मोजा. मोजणी सोपी आहे, ब्रिटनच्या परागवाहक देखरेख योजनेत नागरिक हीच करतात: फुललेल्या भागात अर्धा मीटर लांब-रुंद चौकोन धरायचा, कोरड्या, फारसा वारा नसलेल्या वेळी १० मिनिटं बघायचं, आणि फुलावर उतरलेला प्रत्येक कीटक लिहायचा. जात ओळखता आली नाही तरी चालेल. मधमाशी, दुसरी मधमाशीवर्गीय माशी, भुंगा, हॉवरफ्लाय, इतर माशी, फुलपाखरू, मुंगी, एवढे रकाने पुरतात. ‘माश्या दिसत नाहीत’ म्हणणाऱ्या बहुतेकांना पहिल्याच बैठकीत तीन-चार मिलिमीटरच्या काळपट माश्या दिसतात, ज्यांना ते इतके दिवस चिलटं समजत होते. तुमच्याकडेही तसं झालं तर चित्र मी धरून चाललोय त्याहून बरं आहे. एखादी बैठक अंधार पडल्यावर टॉर्चला लाल कागद लावून करा, पतंगांसाठी.

दुसरं, कुंपणालगतची ती पट्टी सकाळी ऊन आल्यावर वाकून तपासा. ढिगुल्या आणि भोकं मुंग्यांचीही असतात, त्यामुळे भोकाशी पाच-दहा मिनिटं थांबून कोण आत जातं ते बघा. एकट्या माश्या आपणहून डंख मारायला येत नाहीत, शेजारी बसलात तरी त्यांना तुमचं काही पडलेलं नसतं. मुलांना सोबत घ्या, त्यांना ती भोकं आपल्या आधी दिसतात. भोकं दिसली नाहीत तरी पट्टी सोडूच नका. ऊन लागतं आणि पाणी साठत नाही एवढं जमलं की दोन-तीन ऋतूंत कुणीतरी येतं, अर्थात वर्तुळात फुलं असतील तर.

वसाहतीतल्या लोकांचा ‘उजाड दिसतं’ हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही, रोज ती जागा त्यांच्या नजरेसमोर असते. पट्टीला विटांची एक नीट कड बांधा आणि छोटी पाटी लावा, इथे रानमाश्यांची घरं आहेत अशी. कड दिसली की लोकांना ती जागा टाकून दिलेली वाटत नाही, मुद्दाम राखलेली वाटते. माझ्या अनुभवात विरोध बहुतेक वेळा तिथेच मावळतो. ब्लॉकचं काम कंत्राटदाराला आधीच दिलेलं असेल तर सगळं रद्द करायला नको. फाटकापासून पायवाटेपर्यंत बसवू दे, पण पूर्वेच्या कुंपणाकडचे दोन हात सोडायला सांगा, आणि कामाच्या दिवसांत वाळूचा ढीग त्याच जागेवर टाकला जाणार नाही, एवढं सकाळी स्वतः उभं राहून बघा.